मूल होणार नाही, मग चर्चमध्ये लग्न लागेल का?

या खेपेच्या पत्रांत दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. जोडप्यातील एकजण कॅथलिक आणि दुसरा अन्य धर्माचा, आणि त्यात मूल होण्याबद्दलची शंका. गोंधळ बहुतेक पत्रांत एकाच जागी आहे. ‘मूल होऊ शकत नाही’, ‘शरीरसंबंध होऊ शकत नाही’ आणि ‘मूल नकोच’ या तीन वाक्यांना चर्चचा कायदा तीन वेगळी उत्तरे देतो. घरात मात्र ती एकाच दमात बोलली जातात. खाली दिलेले कलमांचे आकडे लॅटिन रीतीच्या कॅथलिकांना लागू असलेल्या १९८३ च्या कॅनन कायद्याचे, म्हणजे चर्चच्या कायदासंहितेचे आहेत. पौर्वात्य रीतीच्या कॅथलिकांची संहिता वेगळी आहे, तिच्यात आकडे आणि काही नियमही बदलतात.

प्रश्न : मी कॅथलिक, वय २९. माझ्या अंडाशयांचे काम अकाली थांबले आहे. स्वतःचे मूल होण्याची आशा डॉक्टरांनी दिलेली नाही. होणारा नवरा दुसऱ्या धर्माचा आहे, त्याला सगळे माहीत आहे. फादर लग्नाला नकार देतील का? तपासण्यांचे कागद मागतील का?

नाही, आणि नाही. कलम १०८४ च्या तिसऱ्या परिच्छेदात स्पष्ट म्हटले आहे की वंध्यत्वामुळे लग्नाला मनाई होत नाही आणि झालेले लग्न रद्दही होत नाही. दोष स्त्रीत असो वा पुरुषात, आधीपासून माहीत असो वा नसो, नियम तोच. कलम १०५५ प्रमाणे लग्नाचे दोन हेतू आहेत, पतिपत्नींचे हित आणि संततीचा जन्म व संगोपन. पण ‘संततीकडे वळलेले असणे’ म्हणजे ‘संतती झालीच पाहिजे’ नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) १९६५ मध्ये हेच सांगितले आहे : मूल नसले तरी ते लग्न संपूर्ण आयुष्याचे सहजीवन म्हणून टिकते.

लग्नाआधी फादर दोघांना वेगवेगळे बसवून चौकशी करतात. लग्नाच्या आड काही येत नाही ना, हे पाहण्याचे काम त्यांना कलम १०६६ ने दिले आहे. त्यात प्रजननक्षमतेची चाचणी कुठेच बसत नाही. कुणी तसे प्रमाणपत्र मागितले, तर कोणत्या नियमाखाली, हे नम्रपणे विचारावे.

तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य ‘त्याला सगळे माहीत आहे’ हे आहे. चौकशीच्या वेळी ते आपणहून सांगा. दोघांनाही निदान माहीत आहे आणि ते स्वीकारून आम्ही लग्न करत आहोत, एवढी एक ओळ दोघांच्या सहीने फाइलमध्ये राहिली, तर पुढे ‘मला फसवले’ म्हणायला जागा उरत नाही. ही फाइल गोपनीय असते. लग्नाच्या जाहीर घोषणेत यातले काहीही येत नाही.

विधीत मुलांचा प्रेमाने स्वीकार करण्याबद्दल एक प्रश्न असतो. परिस्थिती पाहून तो गाळता येतो, आणि विधिग्रंथातच उतारवयातील जोडप्याचे उदाहरण दिले आहे. तो विचारला गेला आणि तुम्ही ‘हो’ म्हणालात, तरी ते खोटे ठरत नाही. तिथे तयारी विचारलेली असते, अंडाशयांचा अहवाल नव्हे.

प्रश्न : बाप्तिस्मा न झालेल्या मुलीशी लग्न करायचे आहे. डिस्पेन्सेशन (चर्चच्या नियमातून सूट) कसे मिळते? आणि आम्हाला मूल होणारच नाही, तर मुलांना कॅथलिक करण्याचे वचन कशाला द्यायचे?

आधी एक फरक. मुलगी प्रॉटेस्टंट किंवा ऑर्थोडॉक्स असती, म्हणजे तिचा वैध बाप्तिस्मा झालेला असता, तर फक्त परवानगी लागली असती (कलम ११२४). ती न घेता लग्न झाले, तरी तेवढ्यावरून ते अवैध ठरले नसते. बाप्तिस्माच झालेला नसेल, तर कलम १०८६ चा अडसर लागतो. सूट न घेता लावलेले लग्न चर्चच्या दृष्टीने झालेलेच नसते. ‘मी चर्च सोडले आहे’ असे औपचारिकरीत्या कळवणाऱ्याला पूर्वी यातून पळवाट होती. ती २००९ मध्ये बंद झाली.

ही सूट बिशप किंवा त्यांचे विकार-जनरल (बिशपांच्या वतीने कारभार पाहणारे धर्मगुरू) देतात. एरवी तुमच्या चर्चच्या फादरांना ती स्वतःहून देता येत नाही. ते फक्त अर्ज पाठवतात. म्हणून हॉल ठरवण्याआधी फादरांना भेटा. सहा महिने हाताशी असलेले बरे. कॅथलिक व्यक्तीचा बाप्तिस्म्याचा दाखला नव्याने काढावा लागतो, बहुतेक ठिकाणी गेल्या सहा महिन्यांतलाच चालतो. कारण आधीच्या लग्नाची नोंद त्याच नोंदवहीच्या समासात असते आणि जुन्या दाखल्यावर ती दिसणार नाही. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीकडे अशी नोंदवही नसते. म्हणून ती अविवाहित असल्याचे तिला लहानपणापासून ओळखणाऱ्या दोन माणसांकडून लिहून घेतात. अर्ज अडकतो तो बहुधा इथेच. साक्षीदार म्हणून कॉलेजातला मित्र आणला जातो आणि त्याला आधीची दहा वर्षे ठाऊक नसतात.

आता वचन. कलम ११२५ प्रमाणे ते फक्त कॅथलिक व्यक्ती देते. स्वतःच्या श्रद्धेपासून दूर जाण्याचे धोके टाळीन, आणि सर्व मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावे यासाठी माझ्याकडून होईल ते सगळे करीन, असा त्याचा आशय असतो. दुसऱ्या व्यक्तीला हे वचन दिल्याची कल्पना द्यायची असते. तिच्याकडून वचन घेत नाहीत. १९१७ च्या कायद्यात दोघांकडून हमी घेत असत, ती पद्धत पोप पॉल सहावे यांनी १९७० मध्ये थांबवली. तरी सासरच्यांना आजही वाटते की मुलीला ‘लिहून द्यावे’ लागेल. तिने सही केली, तर ती ‘मला सांगितले गेले आहे’ एवढ्यापुरतीच असते.

मूल होणार नसले तरी वचनाला अर्थ उरतो, कारण दत्तक मूलही तुमचेच मूल असते (कलम ११०). शिवाय डॉक्टरांचा अंदाज चुकल्याची उदाहरणे कमी नाहीत. ‘माझ्याकडून होईल ते’ या शब्दांत निकालाची हमी नाही, प्रामाणिक प्रयत्नाची आहे. जोडीदार आडवा आला म्हणून पुढे बाप्तिस्मा झाला नाही, तर त्याने लग्न मोडत नाही.

आणखी एक. चर्चमधील विधीच्या आधी किंवा नंतर दुसऱ्या धर्माच्या पद्धतीने पुन्हा संमती देण्या-घेण्याचा विधी करायला कलम ११२७ मनाई करते. घरच्यांचा आग्रह असेल, तर अर्ज करतानाच फादरांशी बोला. सबळ कारण असल्यास बिशप चर्चच्या विधीतूनच सूट देऊ शकतात. मग लग्न एकदाच, पण दुसऱ्या सार्वजनिक पद्धतीने लागते. ही सूट आधी घ्यायची असते, नंतर नव्हे.

प्रश्न : अपघातात माझ्या मणक्याला इजा झाली. शरीरसंबंध जमेल की नाही, डॉक्टर ठाम सांगत नाहीत. ‘नपुंसक माणसाचे लग्न चर्च लावत नाही’ असे ऐकले. खरे का?

बोलीभाषेत शुक्राणू कमी असलेल्या पुरुषालाही हाच शब्द चिकटवतात आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. कलम १०८४ मधला अडसर शरीरसंबंधाच्या अक्षमतेचा आहे, आणि त्यालाही दोन अटी आहेत. अक्षमता लग्नाच्या आधीपासून असली पाहिजे आणि ती कायमची असली पाहिजे. दोन्ही असतील, तर लग्न मुळातच होत नाही आणि बिशप काय, पोपही त्यातून सूट देऊ शकत नाहीत, कारण हा चर्चने घातलेला नियम नसून लग्नाच्या स्वरूपातूनच आलेला मानला जातो. अक्षमता सर्वांशी असो वा फक्त या एका जोडीदाराशी, अडसर लागतोच.

‘कायमची’ म्हणजे नेहमीच्या, वैध आणि जिवाला धोका नसलेल्या उपचाराने न जाणारी. गोळ्या, इंजेक्शन, पंपासारखे साधन किंवा शस्त्रक्रिया यांनी संबंध शक्य होत असेल, तर ती कायमची नाही. भीतीने योनीचे स्नायू आवळले जाणे बहुतेक वेळा उपचाराने बरे होते, त्यामुळे तेही सहसा या व्याख्येत बसत नाही.

तुमच्यासाठी खरी महत्त्वाची ओळ याच कलमाच्या दुसऱ्या परिच्छेदात आहे : शंका असेल तर लग्न अडवू नये. ती शंका वस्तुस्थितीची असो की कायद्याच्या अर्थाची. मणक्याच्या इजेत ताठरता येते पण स्खलन होत नाही, किंवा वीर्य उलट मूत्राशयात जाते, असे घडते. अशा काही प्रकारांवर कायद्याच्या अभ्यासकांत मतभेद आहेत. मतभेद हीच शंका, आणि शंकेचा फायदा लग्नाला. मूत्रविकारतज्ज्ञाचे पत्र घ्यायचे झाले, तर ‘हा पिता होऊ शकेल का’ असे विचारू नका. ‘संबंध आज किंवा उपचाराने शक्य आहे का’ एवढेच विचारा. चुकीच्या प्रश्नाला मिळालेले ‘नाही’ फाइलमध्ये बसले की पुढे निस्तरायला महिने जातात.

यामागे मोठा इतिहास आहे. १५८७ मध्ये पोप सिक्स्टस पाचवे यांनी स्पेनमधील आपल्या प्रतिनिधीला पत्र पाठवून दोन्ही वृषण नसलेल्या पुरुषांच्या लग्नांना मनाई केली. त्यावरून ‘वृषणात तयार झालेले वीर्य हवेच’ असा अर्थ काढून शतकानुशतके वाद झाला. १३ मे १९७७ च्या निर्णयाने रोमने तो मिटवला आणि तशा वीर्याची गरज नाही असे सांगितले. म्हणून नसबंदी झालेला किंवा कर्करोगामुळे वृषण काढलेला पुरुषही लग्न करू शकतो.

प्रश्न : माझ्या बहिणीला जन्मतः गर्भाशय नाही.

ते वंध्यत्व आहे, अक्षमता नाही. योनीमार्ग लहान असल्यास तो डायलेटरने (हळूहळू रुंदावणाऱ्या साधनाने) किंवा शस्त्रक्रियेने पुरेसा करता येतो. लग्न होऊ शकते. होणाऱ्या नवऱ्याला आधी सांगितले पाहिजे. का, ते खाली फसवणुकीच्या प्रश्नात येईल.

प्रश्न : मूल झाले की त्याचा धर्म कोणता यावरून दोन्ही घरांत भांडण होणार हे दिसते आहे. त्यावर आम्ही तोडगा काढला : मूलच नको. दोघांचे एकमत आहे. फादरांना सांगायची गरज आहे का?

या पानावरच्या सर्व पत्रांत लग्नाला सर्वांत मोठा धोका तुमच्या पत्रात आहे, आणि तुमच्या शरीरात काहीच बिघाड नाही. कलम ११०१ म्हणते की लग्नाच्या वेळी मनाने ठरवून लग्नाचा एखादा मूलभूत घटक वगळला, तर लग्न अवैध ठरते. मुलांचा मार्ग कायमचा बंद करणे त्यातच येते. एकमत असल्याने ते सुधारत नाही, उलट पुरावा दुप्पट होतो.

इथे नेमके पाहावे. ‘दोन वर्षे नको, कर्ज फिटू दे’ हे वगळणे नाही. आनुवंशिक आजाराच्या भीतीने सुपीक दिवस टाळणे हेही आपोआप वगळणे ठरत नाही. जोडीदाराला संततीकडे वळलेल्या संबंधाचा हक्क दिला आणि तो वापरायची वेळ दोघांनी पुढे ढकलली, तर लग्न उभे राहते. तो हक्क द्यायचाच नाही असे ठरवले, तर पायाच नाही. म्हणून नसबंदी केलेल्या दोघांची उत्तरे वेगळी येऊ शकतात. दहा वर्षांपूर्वी अन्य कारणाने शस्त्रक्रिया झाली आणि आज त्याची खंत आहे, तर ते नुसते वंध्यत्व. लग्नाच्या तोंडावर ‘मुलांची कटकट नको’ म्हणून मुद्दाम करून घेतली, तर चर्चचे न्यायालय तीच शस्त्रक्रिया वगळण्याचा पुरावा म्हणून वाचते.

फादर दोघांनाही विचारतील, कारण लग्नाचे हेतू आणि मूलभूत गुण बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीनेही वगळायचे नसतात. खोटे सांगून विधी होईल, लग्न होणार नाही. आम्ही सुचवू ते असे : लग्न थोडे पुढे ढकला आणि जे भांडण टाळण्यासाठी मूल टाळताय, ते भांडण आत्ताच करून घ्या. बाप्तिस्म्याचे काय, सणांचे काय, आजी-आजोबांना काय सांगायचे, हे एकदा टेबलावर येऊ द्या. कॅथलिक व्यक्तीने वचन दिले म्हणून मुलाला दुसऱ्या घरची परंपरा समजावून देण्यास मनाई होत नाही.

प्रश्न : ठरलेल्या वराचे वडील म्हणाले, ‘तीन वर्षांत मूल झाले नाही तर मुलगा मोकळा.’ मुलगा गप्प बसला. हे हसण्यावारी न्यावे का?

नेऊ नये. भविष्यातील अट घालून लावलेले लग्न कलम ११०२ प्रमाणे अवैध. अट वडिलांची असेल तर तिला किंमत नाही, मुलाने मनात स्वीकारली असेल तर आहे. त्याला एकट्याला, सरळ विचारा. ‘मोकळा’ होण्याची वाट त्याने मनात राखून ठेवली असेल, तर लग्नाचे अतूटपणही वगळले जाते. बाप्तिस्मा न झालेल्या जोडीदाराशी सूट घेऊन झालेले लग्न सहसा संस्कार मानले जात नाही, पण म्हणून ते तात्पुरते ठरत नाही. त्याचे बंधनही आयुष्यभराचेच असते.

प्रश्न : लग्नानंतर चार वर्षांनी कळले की नवऱ्याच्या वीर्यात शुक्राणू नाहीत, आणि हे त्याला लग्नाआधीच माहीत होते. तो अन्य धर्माचा आहे, लग्न चर्चमध्ये डिस्पेन्सेशन घेऊन झाले. आता वेगळे राहतो. हे लग्न शून्य ठरू शकते का?

ठरू शकते, पण वंध्यत्वामुळे नव्हे. १०८४ च्या तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी एक अपवाद टांगलेला आहे, तो कलम १०९८ चा : संमती मिळवण्यासाठी जोडीदाराच्या अशा एखाद्या गुणाबाबत केलेली फसवणूक, जो सहजीवन गंभीरपणे बिघडवू शकतो. तुमच्या बाबतीत चार गोष्टी दाखवाव्या लागतील. त्याला लग्नाआधी माहीत होते. तुम्हाला माहीत नव्हते. त्याने ते तुमचा होकार मिळावा म्हणून लपवले. आणि कळल्यावर संसार खरोखर हादरला. नुसते गप्प बसणेही फसवणूक होऊ शकते, जर ते हेतुपूर्वक असेल.

अशा अर्जांची माती होते ती तारखांवर. लोक लग्नानंतरचे पाच अहवाल जोडतात. त्यांतून शुक्राणू नाहीत हे सिद्ध होते, त्याला माहीत होते हे नाही. हवा तो लग्नाआधीचा कागद : जुना वीर्यतपासणी अहवाल, शस्त्रक्रियेची नोंद, औषधाची चिठ्ठी, एखादा संदेश. किंवा त्याने ज्याला सांगितले होते असा साक्षीदार. डॉक्टरांकडील नोंदी त्याच्या लेखी संमतीशिवाय सहसा मिळत नाहीत, हे गृहीत धरून चला. दुसरा कच्चा दुवा तुमच्याच बाजूला असतो. कळल्यानंतर तुम्ही दोन-तीन वर्षे सुखाने एकत्र राहिलात, तर ‘संसार हादरला’ हे म्हणणे पातळ होते. कळल्याची तारीख आणि वेगळे झाल्याची तारीख स्पष्ट लिहा. आणि त्यालाच लग्नानंतर कळले असेल, तर फसवणूक नाही, विषय तिथेच संपतो.

अर्ज तीन ठिकाणी करता येतो : लग्न लागले तिथले धर्मप्रांतीय (बिशपांच्या हद्दीतले चर्चचे) न्यायालय, दोघांपैकी कुणाच्याही निवासाच्या ठिकाणचे, किंवा बहुतांश पुरावे जिथे आहेत तिथले. बाप्तिस्मा न झालेली व्यक्तीही अर्ज करू शकते. संसार पुन्हा जुळण्यापलीकडे गेला आहे याची खात्री न्यायाधीश आधी करून घेतात. नंतर दुसऱ्या बाजूला नोटीस जाते, वादाचा मुद्दा लेखी निश्चित होतो, जबाब आणि कागद येतात. विवाहबंधनाचा रक्षक नावाचा अधिकारी लग्न वैध असल्याच्या बाजूने मुद्दे मांडतो, तो तुमचा शत्रू नव्हे. पहिल्या टप्प्याचे काम वर्षात संपावे असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात जास्त लागते ते बहुधा साक्षीदार न आल्यामुळे. निकालाची सूचना मिळाल्यापासून पंधरा दिवसांत अपील झाले नाही, तर तो लागू होतो. पूर्वी दोन न्यायालयांचा निकाल सारखाच असणे आवश्यक होते, ती अट पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये काढून टाकली.

त्याच सुधारणेत बिशपांसमोरची एक छोटी प्रक्रिया आली. ती कधी वापरावी याच्या उदाहरणांत ‘वंध्यत्व फसवून लपवणे’ नाव घेऊन दिले आहे. मात्र त्यासाठी दोघांचा एकत्र अर्ज, किंवा एकाचा अर्ज आणि दुसऱ्याची संमती लागते, आणि पुरावा लगेच दिसेल असा हवा. नवरा कबूल करायला तयार असेल, तर हा रस्ता आधी विचारा.

प्रश्न : ज्याच्याशी लग्न करायचे आहे त्याचे पहिले लग्न मूल न झाल्यामुळे मोडले. ते दोघेही ख्रिस्ती नव्हते. कायदेशीर घटस्फोट झाला आहे. आता अडचण नाही ना?

आहे. दोन अख्रिस्ती व्यक्तींचे लग्नही चर्च वैध धरते आणि नागरी घटस्फोटाने ते बंधन सुटले असे मानत नाही. डिस्पेन्सेशन धर्मभेदाच्या अडसरातून असते, आधीच्या बंधनातून नव्हे. तो बाप्तिस्मा घेणार असेल आणि आधीची पत्नी घेणार नसेल, तर कलम ११४३ चा, संत पौलाच्या नावाने ओळखला जाणारा मार्ग आहे, त्यात नव्या लग्नाने पहिले बंधन सुटते. नसेल घेणार, तर श्रद्धेच्या हितासाठी पोपकडून विसर्जन मागता येते. त्याचे नियम २००१ चे आहेत आणि फाइल धर्मप्रांतातून रोमला जाते. तिथे पाहतात की तो संसार पुन्हा जुळणे अशक्य आहे, आणि तो मोडण्याचा मुख्य दोष अर्जदाराचा नाही. ‘मूल होत नाही म्हणून मी तिला सोडले’ असे वाक्य त्याने लिहिले, तर दोष त्याच्याकडे बोट दाखवतो. खरे काय घडले ते आधी नीट समजून घ्या. उत्तर येईपर्यंत तारीख ठरवू नका.

प्रश्न : लग्नाला तीन वर्षे झाली, मूल नाही. पत्नी कॅथलिक नाही, तिला आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भधारणा) हवे. मला चर्चची शिकवण मोडायची नाही. नेमके काय चालते?

बरेच काही चालते, आणि पुष्कळ जोडपी ते न करताच थेट आयव्हीएफच्या दारात पोहोचतात. १९८७ आणि २००८ च्या रोमच्या दोन दस्तऐवजांची कसोटी एका वाक्यात सांगता येते : उपचार पतिपत्नींच्या संबंधाला मदत करतो की त्याची जागा घेतो? अंडाशय उत्तेजित करणाऱ्या गोळ्या, संप्रेरके, एन्डोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक बाहेर वाढण्याच्या आजाराची) शस्त्रक्रिया, बंद नळ्या मोकळ्या करणे, पुरुषाच्या वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरांवरील उपचार, हे सर्व मदत करणारे. आयव्हीएफ जागा घेते. शिवाय त्यात जास्तीचे भ्रूण तयार होऊन गोठवले किंवा टाकले जातात, हा दुसरा आणि चर्चच्या दृष्टीने अधिक गंभीर आक्षेप. दात्याचे बीज आणि भाड्याचे गर्भाशय (सरोगसी) यांना ठाम नकार आहे. सरोगसीबद्दल रोमने एप्रिल २०२४ मध्ये तो पुन्हा सांगितला.

क्रम असा ठेवा. बारा महिने नियमित प्रयत्न करून गर्भ राहिला नाही, पत्नी पस्तिशीच्या पुढे असेल तर सहाच महिने, की तपासणी दोघांची एकदम. सुरुवात पुरुषापासून करावी, कारण तीच सर्वांत सोपी. इथे कॅथलिक पुरुष अडतो, कारण हस्तमैथुनाने नमुना देणे शिकवणीत बसत नाही. त्यावर उपाय आहे : संबंधाच्या वेळी खास नमुना घेण्याची पिशवी वापरायची आणि तिला सुईने बारीक छिद्र पाडायचे, म्हणजे संबंध गर्भधारणेला बंद राहत नाही. साधा रबरी निरोध चालत नाही. लॅटेक्स आणि त्यावरचे वंगण शुक्राणूंना मारते आणि अहवाल खोटा वाईट येतो. आधी दोन ते सात दिवस संयम, नमुना शरीराच्या उबेत ठेवून तासाभरात प्रयोगशाळेत. दर मिलिलिटरला १.६ कोटी ही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेतील खालची संदर्भपातळी. एका कमी अहवालावर निर्णय घेऊ नका, काही आठवड्यांनी दुसरा करा.

पत्नीच्या बाजूने बीज सुटते का, नळ्या मोकळ्या आहेत का, थायरॉइड ठीक आहे का. महिन्यात गर्भ राहू शकेल असे दिवस साधारण सहाच असतात, बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. स्रावाच्या निरीक्षणाने ते ओळखायला दोन-तीन चक्रांत जमते. पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने बीज नियमित न सुटणे) असेल तर लेट्रोझोल ही बीज सुटण्यासाठीची गोळी सहसा आधी देतात. या गोळ्यांबरोबर सोनोग्राफीने बीजकोष मोजून घ्या. एकदम चार-पाच वाढले, तर त्या महिन्यात संबंध टाळणे शहाणपणाचे, कारण पुढे बहुगर्भ राहिला आणि ‘एक-दोन कमी करू’ असे कुणी म्हटले, तर तो गर्भपातच आहे.

आययूआय, म्हणजे वीर्य नळीने गर्भाशयात सोडणे, ही सीमारेषा. संबंध झाल्यावर छिद्र असलेल्या पिशवीतला नमुना आत पोहोचवणे ही मदत आहे, असे काही नीतिशास्त्रज्ञ मानतात. इतरांना ती जागा घेणेच वाटते. रोमने या विशिष्ट पद्धतीवर स्वतंत्र निर्णय दिलेला नाही, म्हणून फादरांशी बोलून सदसद्विवेकाने ठरवावे.

पत्नीला चर्चचा नियम बांधत नाही, पण उपचारकेंद्राला दोघांची सही लागते. म्हणजे प्रश्न तुमच्या सहीवर येऊन थांबतो. तिला ‘चर्च नाही म्हणते’ एवढेच सांगू नका, ते तिच्या दृष्टीने परक्या घराचे फर्मान आहे. तुम्हाला काय खुपते ते सांगा आणि वर दिलेली तपासणी लगेच सुरू करा. तिला निष्क्रियतेचा राग असतो, नकाराचा तेवढा नसतो. आणि हे लक्षात असू द्या की आयव्हीएफ केले किंवा नाकारले, लग्नाच्या वैधतेला त्याने काहीही होत नाही.

प्रश्न : आमचे मूल आयव्हीएफने झाले. फादर बाप्तिस्मा देतील का?

हो. मूल कसे आले यावर बाप्तिस्मा अवलंबून नाही. निदान एका पालकाची संमती आणि ते कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी साधार आशा, इतके कलम ८६८ मागते. नोंदवहीत उपचाराचा उल्लेख होत नाही. तुमच्या मनात बोच असेल, तर प्रायश्चित्त संस्कार मोकळा आहे. मुलाच्या माथी ती बोच मारू नका.

प्रश्न : आठ वर्षांपूर्वी नोंदणी पद्धतीने लग्न केले, नवरा मुस्लिम. मूल नाही. माझी आई म्हणते, चर्चमध्ये लग्न नाही म्हणून देवाने कूस उजवली नाही. आता मूल दत्तक घ्यायचे आहे. चर्चमध्ये पुन्हा लग्न लावावे लागेल का?

आईंचे म्हणणे चर्चच्या शिकवणीत कुठेच नाही. शारीरिक वंध्यत्व ही शिक्षा नाही. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात अशा जोडप्यांचे दुःख मोठे म्हटले आहे, पाप म्हटलेले नाही.

लग्न मात्र चर्चच्या दृष्टीने अवैध आहे, कारण सूटही नव्हती आणि विधीही नव्हता. ते दुरुस्त करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, डिस्पेन्सेशन घेऊन धर्मगुरू आणि दोन साक्षीदारांसमोर नव्याने संमती देणे. हे खासगीरीत्या, पाच माणसांतही होते. दोन, नवऱ्याला ‘आमचे लग्न झालेले आहे, पुन्हा कशाला’ असे वाटत असेल, तर मुळापासून दुरुस्ती मागता येते (कलम ११६१). त्यात बिशप आधीची संमतीच ग्राह्य धरतात आणि नवा विधी होत नाही. दोघांची संमती आजही टिकून असली पाहिजे आणि तुम्ही ११२५ चे वचन द्यायला हवे.

दत्तकाचा अर्ज नागरी कायद्याने होतो, त्यासाठी चर्चच्या लग्नाची अट नाही. कायद्याने दत्तक झालेले मूल चर्चमध्येही तुमचेच मूल असते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत तुमची नावे येतात. जन्मदात्यांची नावे लिहायची की नाही, हे स्थानिक बिशपमंडळाच्या नियमांवर ठरते. म्हणून दत्तकपत्राची प्रत घेऊन जा आणि दाखल्यावर नेमके काय छापले जाईल हे सही करण्याआधी पाहून घ्या. बाळ सापडलेले असेल आणि त्याचा बाप्तिस्मा आधी झाला आहे का हे शोधूनही कळत नसेल, तर त्याला बाप्तिस्मा दिला जातो.